कंबरदुखी: तुम्ही जपणारे, रेटणारे की कुढणारे?

कंबर धरली की माणसं दोनच प्रश्न विचारतात: "झोपून राहू की चालू?" आणि "हे बरं होईल ना?" नाशिकमध्ये मी बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आहे, आणि पहिल्या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. एकाला "चाला हो, काही होत नाही" म्हटलं की तो सुटतो. दुसऱ्याला तेच सांगितलं की तो त्याच संध्याकाळी गंगापूर रोडने पार सोमेश्वरपर्यंत चालून येतो आणि पुढचे तीन दिवस आडवा. तिसरीला चालायची अडचणच नसते. तिला झोप नसते, आणि घरात कुणी तिचं दुखणं खरं मानत नाही. एमआरआय तिघांचा सारखाच असू शकतो.

म्हणून या लेखात व्यायामाचे प्रकार नाहीत, ते तुमच्या फिजिओकडून शिका. इथे त्याच्या आधीची पायरी आहे: दुखण्यापुढे आपलं मन कसं वागतं ते ओळखायचं कसं, आणि त्याप्रमाणे आठवडा आखायचा कसा. "म्हणजे दुखणं मनाचं आहे म्हणता का?" हे लगेच कुणीतरी विचारतंच. नाही म्हणत. पेशंटला दुखतंय म्हणजे दुखतंय. पण ते किती दिवस मुक्काम ठोकेल आणि आयुष्याचा केवढा भाग अडवून बसेल, हे एकट्या मणक्यावर ठरत नाही.

आधी ही खात्री करून घ्या

लघवी अडकणं किंवा न कळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा येणं, पाय लुळा पडत जाणं, यातलं काहीही असेल तर वाचन थांबवा आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, झोपेतून उठवणारी कळ असेल तर डॉक्टरांना मणक्याच्या टीबीबद्दल स्पष्ट विचारा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल, जोराचं पडणं झालं असेल, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा साठी उलटलेल्या बाईच्या पाठीत अचानक कळ आली असेल, तर आधी तपासणी.

बहुतेकांच्या बाबतीत यातलं काही नसतं. पुढचं त्यांच्यासाठी.

रिपोर्ट कपाटात ठेवा

"गादी सरकली", "मणक्यात गॅप पडलाय", "नस दबलीय" हे शब्द एकदा कानात बसले की माणूस वाकायचं सोडतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या ६४ टक्के लोकांच्या कुठल्या ना कुठल्या चकतीत (दोन मणक्यांमधल्या गादीत) काहीतरी दोष सापडला. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली: कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांत ३७ टक्क्यांची चकती झिजलेली, आणि ऐंशीतल्यांत ९६ टक्क्यांची. म्हणजे रिपोर्टमधल्या अर्ध्याअधिक ओळी पांढऱ्या केसांसारख्या असतात. त्या खऱ्या असतात, पण तुमच्या कळेचं कारण त्याच असतील असं नाही. शारीरिक तपासणीशी रिपोर्ट जुळतो का, एवढं डॉक्टरांना विचारा. जुळत नसेल तर फाइल कपाटात टाका. आणि कृपा करून तो फॅमिली ग्रुपवर पाठवू नका. तिथे प्रत्येकाच्या ओळखीत एक "ऑपरेशन फसलेला" असतो.

यावरून आठवलं. उसण भरली की आमच्या आजोळी पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या, माणसाला बोलावून कंबरेला पाय लावून घेत. त्या लाथेने मणक्यात काही घडत असेल असं मला वाटत नाही. पण पाय लावून झाला की घरातले सगळे म्हणत, "चल, आता उतरेल," आणि माणूस उठून गोठ्याकडे जायचा. त्या "आता उतरेल"ला मी कमी लेखत नाही. १९९५ साली हेलसिंकीत एक प्रयोग झाला. नुकतीच कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना "झेपेल तसं रोजचं चालू ठेवा" एवढंच सांगितलं. सगळ्यांत चांगले बरे झाले ते शेवटचे.

एक आठवडा कालनिर्णयवर

भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकटीत रात्री तीन गोष्टी लिहा. कंबरेच्या भीतीने आज काय टाळलं. दुखत असतानाही काय रेटून नेलं. आणि कळ आली तेव्हा मनात पहिलं काय आलं. दोन-दोन शब्द पुरेत: "बादली नाही उचलली", "स्वयंपाक + पाहुणे", "आता हे कायमचं". दुखण्याला दहापैकी मार्क मात्र देऊ नका. ते आम्ही क्लिनिकमध्ये विचारतो तेवढं पुरे. घरी तासातासाला मार्क द्यायला लागलात तर दिवसभर लक्ष कंबरेतच राहील.

आठवड्याच्या शेवटी स्वतःला पाच गोष्टी विचारा. आपल्यासारख्याने हालचाल करणं धोक्याचं आहे असं वाटतं का? डोक्यात बराच वेळ काळजी घोळत असते का? हे भयंकर आहे आणि कधीच बरं होणार नाही असं वाटतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? आणि एकूणच गेल्या पंधरवड्यात कंबरेने फार छळलं का? इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने ९ प्रश्नांची एक छोटी चाळणी तयार केली, तिच्यातला मनाशी संबंधित भाग साधारण असा आहे. पाचांतल्या चारांना "हो" आलं तर नुसत्या व्यायामाने भागण्याची शक्यता कमी. मनाच्या अंगानेही उपचार लागतील. या चाळणीनुसार उपचार वाटून दिले तर फायदा होतो, असं ८५१ पेशंटवरच्या प्रयोगात २०११ मध्ये दिसलं. पुढे अमेरिकेत तेच करून पाहिलं तेव्हा मात्र तसा फरक पडला नाही. तेव्हा हिला पत्रिका समजू नका. मी ती बोलणं सुरू करण्यापुरती वापरते.

कालनिर्णयात पहिल्या प्रकारच्या नोंदी जास्त असतील तर तुम्ही जपणारे. दुसऱ्या जास्त असतील तर रेटणारे. तिसऱ्या नोंदींतच सगळं साठलेलं असेल तर कुढणारे. ही नावं माझी, घरगुती आहेत, पण कल्पना जुनी आहे. डेनिस टर्क आणि थॉमस रूडी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८८ सालीच दीर्घकाळ दुखणाऱ्यांचे तीन गट पाडले होते: दुखण्याने पार कोलमडलेले, घरच्यांचा आधार नाही असं वाटणारे, आणि दुखणं असूनही बरं चाललेले. या शेवटच्या गटात तुम्ही असाल तर तुम्हाला माझी गरज नाही. जे करताय ते करत राहा, आणि कुणी नवी गादी विकायला आलं तर घेऊ नका.

जपणारे

अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ चप्पल घालायचे कसे, ते बघण्यासारखं होतं. आधी टेबलाची कड धरायची. मग श्वास कोंडायचा. पाठ फळीसारखी ताठ ठेवून गुडघे फाकवायचे आणि डोळे मिटून पाय चपलेत सरकवायचा. दुखणं सुरू होऊन वर्ष उलटलेलं, पट्टा आंघोळीपुरताच निघायचा. त्या दिवशी बोलता बोलता त्यांच्या खिशातला मोबाइल घसरला. त्यांनी तो जमिनीला लागायच्या आत झडप घालून पकडला, पूर्ण वाकून. सरळ होताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. मणक्याला वाकता येत होतं. परवानगी मिळत नव्हती.

भीतीने हालचाल टाळायची, टाळल्याने अंग आखडायचं, आखडल्याने पुन्हा दुखायचं, हे चक्र योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन या संशोधकांनी २००० साली नीट मांडून दाखवलं. ते फिरतं कशावर? भीती खरी ठरते की नाही हे तपासायची संधीच मिळत नाही त्यावर. म्हणून इलाज म्हणजे ती संधी द्यायची, बेताबेताने.

कागदावर आपल्या टाळलेल्या गोष्टींची उतरंड लावा. वर सगळ्यांत भीतीची, खाली थोडी. कुणाची अशी असते: सिलिंडर हलवणं, नातवाला उचलणं, खड्ड्यांतून स्कूटर, पाण्याची बादली, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं, पंगतीला मांडी, वाकून चप्पल. खालून दुसरी-तिसरी घ्या. करण्याआधी मनात येतं ते जसंच्या तसं लिहा: "कटकन आवाज येईल आणि उठताच येणार नाही." मग करा. पट्टा काढून, कशाला न धरता, श्वास न कोंडता. झाल्यावर काय घडलं तेही शेजारी लिहा. थोडी कळ आली तर तीही लिहा. कळ येणं आणि मोडणं यांत फरक आहे, आणि तो फरक कंबरेला दाखवून द्यायचा हाच खटाटोप आहे. तीच गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा करा, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की भीती गेली समजा आणि वरची पायरी धरा.

एक पळवाट सांगून ठेवते. जपणारी माणसं वाकायला शिकतात, पण "फक्त सकाळी गोळी घेतल्यावर" किंवा "बायको शेजारी उभी असेल तर". असं केलं की श्रेय गोळीला जातं आणि भीती तशीच राहते. ही टेकू-काठी शेवटी सोडावीच लागते.

सायटिकेची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी, कळ नवी आणि ताजी असेल, किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर ही उतरंड स्वतःच्या मनाने चढू नका. फिजिओला शेजारी घ्या.

रेटणारे

यांना डॉक्टर उशिरा भेटतात, कारण घरी-दारी कौतुक होत असतं. "कामाचा वाघ आहे." दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर हे पेशंट ओळीने येतात. मांडवाखाली मान वर, कंबर मागे झुकलेली, हातात डिपिंगचं, म्हणजे घड औषधात बुडवायचं, भांडं, आणि "एवढी ओळ संपवून टाकतो" हे वाक्य. ओळ संपते, मग पुढची. तिसऱ्या दिवशी माणूस कॉटवरून उठत नाही, फवारणी चुकते, आणि चौथ्या दिवशी राहिलेलं सगळं एकदम उरकायला जातो.

जर्मनीतल्या मोनिका हासेनब्रिंग यांनी अशा लोकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना रेटणाऱ्यांतही दोन तऱ्हा दिसल्या: दात-ओठ खाऊन, आतून त्रासलेले असताना रेटणारे, आणि "मला काही होत नाही" म्हणत हसतमुखाने रेटणारे. मला दुसऱ्या तऱ्हेची जास्त धास्ती वाटते. ती माणसं प्रश्नांना खोटी उत्तरं देतात, तीही मनापासून.

यांना "धीट व्हा, हालचाल करा" हा सल्ला विष आहे. यांनी घड्याळावर काम करायचं, कळेवर नाही. वाईट दिवशीही किती वेळ न बिघडता काम होतं ते बघा. समजा वीस मिनिटं. मग मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की हातातलं ठेवा, भले अजिबात दुखत नसेल. पाच मिनिटं वेगळ्या स्थितीत काढा: उभे असाल तर बसा, बसला असाल तर चार पावलं टाका. मग पुन्हा पंधरा. आठवडा नीट गेला की दोन-तीन मिनिटं वाढवा. यातला कठीण भाग चांगल्या दिवशी येतो. अंग हलकं वाटतं आणि हात शिवशिवतात. नेमकं त्या दिवशी ठरलेल्यापेक्षा एक गजरही जास्त घ्यायचा नाही.

बागाइतदाराला हे सांगणं सोपं आहे. पेठ-सुरगाण्याहून रोजावर आलेल्या बाईला "गजर लावा" म्हणणं ही चेष्टा होईल. तिथे मी वेगळं सांगते: टोळीतल्या बायकांनी आपसांत काम फिरवावं. सकाळी वर हात करून विरळणी केलेली बाई दुपारी बसून निवडायला, आणि बसलेली उभी. मुकादमाला याचा तोटा नसतो, पण त्याच्याशी एकटीने नव्हे, चौघींनी मिळून बोलावं.

कुढणारे

यांची कालनिर्णयातली तिसरी नोंद लांब असते. "सगळं माझ्याच वाट्याला." "दिवसभर घरात असते तर हिला काय दुखतंय, असं म्हणाल्या." "पहाटे तीनला जाग." यांना उतरंड आणि गजर दोन्ही देऊन बघितले तर ते चार दिवस करतात आणि सोडतात, कारण मूळ ओझं दुसरीकडे असतं.

सुरुवात झोपेपासून करा. रात्री कितीही तळमळ झाली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त आडवं होऊ नका. दुसरं, पूर्वी आवडायचं असं एक काही रोज करा, आणि ते कामं उरकल्यावर नको, कामांच्या आधी. कामं कधी उरकत नसतात. एक शिक्षिका शाळेतून आल्या आल्या पंधरा मिनिटं पेटी वाजवायला बसू लागल्या. सासूबाई आठवडाभर धुसफुसल्या, मग ऐकायला येऊन बसल्या. कंबर तेवढ्याने थांबली नाही, पण त्या व्यायामाला नियमित यायला लागल्या.

तिसरं, घरात एकाच माणसाकडे एकच नेमकी गोष्ट मागा. "माझं कुणाला काही पडलेलं नाही" यावर घरचे फक्त चिडतात. "संध्याकाळची भांडी आजपासून तू घास" यावर निदान हो-नाही तरी म्हणावं लागतं.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि जगू नये असं मनात आलं तर त्याच दिवशी. टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर आहे, फोन फुकट. मानसोपचारतज्ज्ञांनी डुलोक्सेटीनसारखी नैराश्यावरची गोळी लिहून दिली तर दचकू नका. ती काही प्रकारच्या जुनाट दुखण्यावरही दिली जाते, तुम्हाला वेडं ठरवलेलं नसतं.

घरच्यांनी काय करायचं

१९८० सालचा एक मजेशीर प्रयोग आहे. जुनं दुखणं असलेल्या पेशंटला एकदा सांगितलं, तुमचा जोडीदार तुम्हाला बघतोय; एकदा सांगितलं, वॉर्डमधला कारकून बघतोय. ज्यांचे जोडीदार फार हळहळणारे होते, त्यांनी जोडीदार बघत असताना दुखणं जास्त सांगितलं. यात ढोंग नसतं. माया करणारं माणूस समोर असलं की कळ मोकळी होते. पण दिवसातून दहा वेळा "दुखतंय का गं?" विचारलं की दहा वेळा कंबर आठवते.

त्यापेक्षा "आज काय काय केलंस?" असं विचारा. जपणाऱ्याच्या हातातली बादली हिसकावून घेऊ नका, त्याला ती हळू का होईना नेऊ द्या. रेटणाऱ्याला मात्र गजर वाजल्यावर हाक मारा, चहा हे उत्तम निमित्त. कुढणाऱ्याला सल्ला देऊ नका, काम वाटून घ्या. आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे काही झालेलं नाही" हे वाक्य तिघांनाही नको.

पुष्कळ माणसं मिश्र असतात. ऑफिसात रेटतात आणि घरी जपतात: दिवसभर लॅपटॉपसमोर पाणी प्यायलाही न उठणारा मुलगा घरी आल्यावर "आई, कंबरेमुळे मला खाली वाकता येत नाही" म्हणतो. त्याला ऑफिसात गजर आणि घरी उतरंड.

फिजिओकडे जाताना कालनिर्णयचं ते पान, नाहीतर त्याचा फोटो, घेऊन जा. दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी विचारा: मशीनशिवाय तुम्ही माझ्याकडून काय करून घेणार? मी घरी काय करायचं? सहा आठवड्यांनी मला काय करता यायला हवं? शेक आणि आयएफटी (सौम्य विजेचं मशीन) लावून कुणी बाहेर निघून जात असेल, तर थोडा वेळ बरं वाटेल, पण तुम्ही कोणत्या जातकुळीचे हे त्याला कधी कळणार नाही. सहा आठवड्यांनी "करता येतं" या यादीत काहीच भर पडली नसेल तर पान पुन्हा उघडा आणि नोंदी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. रेटणाऱ्यांना आपण रेटतो हे शेवटपर्यंत दिसत नाही. बायकोला पहिल्याच ओळीत दिसतं.